परीटघडी

"गोटीराम, दार धरा हो बाहेरून! कडी पुन्हा निसटली!"

"धरलंय ताई. पण आवरा लवकर. सायेब आले खाली, गाडी लावू राह्यले."

पतसंस्थेच्या शाखेत स्टेशनरीची म्हणून एक खोली होती. खोली आपली नावाला. कोऱ्या स्लिपांचे गठ्ठे, बंद पडलेला प्रिंटर, पाण्याचे जार, झाडू, फिनेलचे कॅन, आणि त्या सगळ्याच्या मधोमध सुवर्णा नेरकर एका हातात निऱ्या, दुसऱ्या हातात पदर आणि ओठांत सेफ्टी पिन धरून उभी. दाराला कडी होती, पण ती टिकायची नाही. नवी बसवा, नवी बसवा म्हणून सुवर्णाचं तोंड दुखलं. शेवटी शिपाई गोटीराम रोज सकाळी दाराला पाठ लावून उभा राहायला लागला, आणि आत ती पंजाबी ड्रेस उतरवून युनिफॉर्मची साडी नेसायला लागली.

बाथरूममध्ये का नाही नेसत, असं कुणी विचारलं की तिचं डोकंच फिरायचं. बायका-पुरुषांत मिळून एकच बाथरूम, आणि त्याची फरशी बारा महिने ओली. त्या फरशीवर कांजी केलेली साडी नेसून दाखवा म्हणावं एकदा, मग बोला.

सुवर्णा सातपूरच्या अशोकनगरातून शरणपूर रोडला सायकलनं यायची. नवरा समाधान सिन्नरच्या कारखान्यात, घरातली एकुलती एक मोटरसायकल भल्या पहाटे त्याच्याबरोबर जायची. शेअर रिक्षा तिनं करून पाहिली होती. मागे चौघी कोंबलेल्या, एकीची पिशवी हिच्या मांडीवर, दुसरीचं कोपर हिच्या बरगडीत. उतरेपर्यंत साडीचा पार चोळामोळा. मग साडी नेसूनच सायकल चालवून पाहिली. पहिल्याच आठवड्यात पदर ब्रेकमध्ये अडकला, आणि मांडीवर ज्या चुण्या पडल्या त्या संध्याकाळपर्यंत हलल्या नाहीत. साडी घडी करून कॅरिअरला लावली, तर रबराचा आडवा पट्टा उमटला. सॅकमध्ये घालून पाठीवर घेतली, तर घामानं ओलसर झाली. वर्तमानपत्रात गुंडाळली, तर काठाला शाई लागली. ऑफिसातच इस्त्री आणून ठेवली, तर एकदा फ्यूज उडाला. खरं तर तो नव्या एसीनं उडाला होता, पण एसी साहेबांचा आणि इस्त्री सुवर्णाची. दुसऱ्या दिवशी इस्त्री घरी गेली.

"अगं, साडीच ती. कोण बघतंय?" समाधान म्हणायचा.

"सगळे बघतात. तुमचं बरंय. तुमच्या कपड्याला तेल लागलं की माणूस कष्टाळू दिसतो. माझ्या साडीला सुरकुती पडली की मी गबाळी."

यावर समाधान डबा उचलायचा आणि निघायचा.

त्या दिवशी कशीबशी साडी नेसून ती बाहेर आली तर ज्ञानेश सरांनी केबिनमध्ये बोलावलं. ज्ञानेश देवरे, शाखेचे मॅनेजर. वयानं तिच्यापेक्षा लहान, बोलायला मऊ. बाहेर हॉलमध्ये नूतनीकरण चाललं होतं. जुना लाकडी काउंटर निघून काचेचा येणार होता, आणि त्याच्यामागे एकच फिरती खुर्ची.

"बसा मॅडम. तुमच्या कामाबद्दल प्रश्नच नाही हां. पण फ्रंटला आता जरा, कसं सांगू? सकाळी आल्या आल्याच तुम्ही दमलेल्या वाटता. साडी पण जरा अशी..." त्यांनी हवेतच मूठ चुरगाळून दाखवली.

"सर, मी सायकलवर येते."

"हो ना, कौतुकच आहे त्याचं! फिटनेस! पण कस्टमरला ते कुठे माहीत असतं? महिनाअखेरीला हेड ऑफिसचे साहेब येताहेत. तुम्ही आणि पायल, दोघींपैकी फ्रंटला कोण आणि आत रेकॉर्डला कोण, ते फायनल करून जातील. मी तुमचंच नाव सांगणार. पण दिसायला पण पाहिजे ना तसं?"

"मग सर, त्या खोलीला कडी बसवून द्या. आणि एक आरसा. बाकीचं माझं मी बघते."

"करू, करू. रिनोव्हेशनमध्येच घेऊन टाकू."

रिनोव्हेशनमध्ये सोफा आला, काचेचा काउंटर आला, कोपऱ्यात प्लास्टिकचं बांबूचं झाड आलं. कडी काही आली नाही.

काउंटर गेला तरी पगारात फरक पडणार नव्हता, हे सुवर्णाला माहीत होतं. समाधाननंही तेच सांगितलं, आत पंख्याखाली निवांत बसशील म्हणाला. पण निवांत बसायचं होतं कुणाला? मखमलाबादच्या फुलंवाल्या, गंगापूरकडचे भाजीवाले, दाराशी चपला काढून आत येणारे म्हातारे, सगळे आल्या आल्या आधी मान उंच करून सुवर्णाताई आहे का ते बघायचे. तिला कुणाच्या सुनेचं नाव ठाऊक, कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठाऊक. घरी तिला 'अगं' म्हणत, सोसायटीत 'नेरकर वहिनी'. तिच्या नावानं तिला शोधत येणारी माणसं फक्त त्या काउंटरपुढे होती. तो काउंटर तिला हवा होता. हट्टानं हवा होता.

उपाय सापडला तो गल्लीतच. मंजुषाचं घराच्या पुढच्या खोलीत ब्यूटी पार्लर होतं. लग्नसराईत ती नवऱ्यामुलींच्या साड्या आधीच निऱ्या घालून, पिना लावून, इस्त्री फिरवून, पातळ खोक्यात आडव्या ठेवून द्यायची. खोकं उघडायचं, साडी कमरेला लावायची, पदर खांद्यावर टाकायचा, झालं.

"वहिनी, शालू करते मी तसे. युनिफॉर्मची साडी कुणी अजून आणली नव्हती," मंजुषा हसत म्हणाली. "पण माप लागेल हां. कमरेचं आणि उंचीचं. ज्या बाईची साडी तिलाच ती बसते, दुसरीला नाही."

"घे बाई माप. हवं तर डोक्याचं पण घे."

काय सांगावं! पहिल्या दिवशी सुवर्णानं खोकं कॅरिअरवर आडवं ठेवून सुतळीनं बांधलं, खड्डा दिसला की सायकलवरून उतरून चालत गेली, आणि स्टेशनरीच्या खोलीतून बाहेर आली ती सुरीसारख्या निऱ्या घेऊन. निळी साडी, मोतिया काठ, पदराची एकेक घडी खांद्यावर बसलेली.

"आगायायो!" गोटीराम म्हणाला. "ताई, आज काय लगीन हाय का कुनाचं?"

ज्ञानेश सरांनी केबिनच्या काचेतून अंगठा दाखवला. आठवडाभर असंच चाललं. सुवर्णाची पाठ ताठ झाली, आवाज मोकळा झाला. घरी भाजीला फोडणी घालताना ती गुणगुणायला लागली, तेव्हा समाधाननं बरं नाही का म्हणून विचारलं.

आणि इथंच तिनं आपल्या पायावर धोंडा मारून घेतला. पायलनं विचारलं, "मॅडम, किती मस्त बसते तुमची साडी! कुठून करून घेता?" पायल उंच, सडपातळ, नोकरीला लागून वर्ष झालेली. राहायला कॉलेज रोडला, वडील रोज कारमधून सोडायचे. गुणी मुलगी होती, आगाऊ अजिबात नव्हती. सुवर्णानं गप्प बसायला हवं होतं. पण कुणीतरी आपलं पाहून शिकतंय म्हटल्यावर बाईला राहवतंय थोडंच!

"अगं, माझ्याच गल्लीत आहे ती. साहेब यायच्या आधी तुझी पण करून घेऊ. माप सांग, साडी दे, मीच नेते. रविवारी येऊन घेऊन जा."

"मॅडम, पण तुम्ही आणि मी..." पायल अडखळली. दोघींपैकी एकच निवडायची होती, हे तिलाही माहीत होतं.

"ते साहेब बघतील. साडीचं काय त्यात?" सुवर्णा म्हणाली. मनातून तिला वाटत होतं, दोघींच्या साड्या सारख्या कडक असल्या तर मग माणूस बघतील, आणि माणूस बघितला तर मीच.

रविवारी दुपारी मंजुषानं दोन खोकी हातात दिली. तीच पांढरी खोकी, त्याच निळ्या साड्या. "वरचं तुमचं, खालचं तिचं. आणि वहिनी, नेसायच्या वेळीच उघडा. मधे उघडलंत की घडी हलते."

सुवर्णानं खोकी फ्रिजवर ठेवली. संध्याकाळी फ्रिज पुसायचा म्हणून वरचं उचलून टेबलावर ठेवलं, मग खालचं उचलून त्यावर ठेवलं. पायल स्कूटीवरून आली. सुवर्णानं तिला पोहे दिले, चहा दिला, आणि टेबलावरचं खालचं खोकं काढून तिच्या हातात दिलं. "सांभाळून ने गं. आडवंच धर," असं वर बजावलंसुद्धा.

सोमवारी हेड ऑफिसचे साहेब यायचे होते, म्हणून ती सकाळी नेहमीपेक्षा लवकर निघाली. त्र्यंबक रोडला ट्रकांची रांग, बसचे हॉर्न, कामगारांच्या मोटरसायकली दोन्ही बाजूंनी घुसणाऱ्या. ती अगदी कडेनं, एक हात मागे खोक्यावर ठेवून चालली होती. पुढच्या बास्केटमध्ये पर्सच्या तळाशी फोन वाजत होता. त्या कोलाहलात तिला तो ऐकू येणार कुठून?

"गोटीराम, धरा दार."

"धरलं. निवांत नेसा ताई, सायेब यायला टाइम हाय अजून."

तिनं खोकं उघडलं. साडी कमरेला लावली, तर कमरेचा फेरा पुढे येईचना. आवळून खोचला, तर निऱ्यांचा अख्खा गठ्ठा डाव्या कुशीवर गेला. खाली बघितलं. चार बोटं साडी फरशीवर लोळत होती. क्षणभर तिला वाटलं, मंजुषानं घोळ घातला. मग खालचं, वरचं, फ्रिज, टेबल, सगळं एकदम डोक्यात लख्ख झालं.

पर्समधून फोन काढला. पायलचे मिस्ड कॉल ओळीनं.

"मॅडम, कधीची लावतेय तुम्हाला! खोकी बदलली आपली. माझ्या मम्मीनं सगळं सोडून परत निऱ्या घातल्या, इस्त्री करून दिली. मी निघालेच आहे. तुमचं काय झालं?"

"बघते," सुवर्णा म्हणाली आणि फोन ठेवला.

काय बघणार होती? तिनं सगळ्या पिना काढल्या, साडी मोकळी केली आणि आपल्या मापानं निऱ्या घालायला लागली. पण कांजीच्या कापडाला एकदा इस्त्रीनं लावलेलं वळण असं हातानं सुटतं होय! नवी निरी इथं, तर इस्त्रीची जुनी रेघ तिथं. पदराची घडी खांद्यावर यायच्या ऐवजी दंडावर यायची. गडद निळ्या साडीवर त्या रेघा पांढऱ्याफटक दिसत होत्या. तिनं जारमधलं पाणी हातावर घेऊन एक रेघ चोळून पाहिली, तर तिथं ओला डाग पडला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचं. राग कुणाचा, तेही धड सांगता येईना. कडीचा, इस्त्रीवर बंदी घालणाऱ्याचा, त्या फ्रिजचा, सगळ्यात जास्त स्वतःचा. एवढी अक्कल पाजळायला सांगितली होती कुणी?

"गोटीराम, खालच्या इस्त्रीवाल्याकडे..."

"त्यो दहाच्या आत नाय येत ताई." आणि मग हळूच, "ताई, आले बरं का सायेब. हॉलमधी हायेत."

ती बाहेर आली तेव्हा हेड ऑफिसचे साहेब काचेच्या काउंटरवरून हात फिरवत होते. शेजारी पायल उभी होती, कडक, सरळ, निऱ्या पायाच्या बोटांवर बरोबर टेकलेल्या. सुवर्णाला बघून पायलचा चेहरा पडला.

"या आमच्या सुवर्णा मॅडम," ज्ञानेश सर म्हणाले. "सगळ्यात सीनियर. सायकलवर येतात."

"अरे वा!" साहेब म्हणाले. चांगला माणूस होता, हसून नमस्कार केला. पण नमस्कार करता करता त्यांची नजर खांद्यावरून ओल्या डागापर्यंत जाऊन परत वर आली. "दमून आलात वाटतं. बसा, बसा. पाणी घ्या."

बस, एवढंच. ती पाणी प्यायला वळली आणि मागे साहेबांचा आवाज आला, "या मॅडम आतलं छान सांभाळतील. अनुभवी आहेत. समोर ही मुलगी ठीक वाटते."

"सर, पण सुवर्णा मॅडमना सगळे कस्टमर..." पायल बोलली. खरंच बोलली बिचारी.

"तुम्हालाही ओळखतील की हळूहळू," साहेब म्हणाले.

"मी तुम्हाला आधीच म्हटलं होतं मॅडम," ज्ञानेश सर नंतर रेकॉर्डच्या खोलीच्या दारात येऊन हळू आवाजात म्हणाले. "आजच्या दिवशी तरी..."

"सर, कडी कधी बसवणार होतात?"

"कसली कडी?"

सुवर्णानं मान खाली घातली आणि समोरची फाइल उघडली.

थोड्या वेळानं हॉलमधून ओळखीचा आवाज आला. मखमलाबादची कलाबाई. झेंडू विकून आली की थेट इकडं यायची.

"माझी सुवर्णाताई कुठंय गं?"

"आजी, मी करून देते ना. द्या इकडे."

"नगं बाई. ती येऊ दे. तिला म्हाईत हाय माझं समदं."

सुवर्णा खुर्चीतून उठली. दारापर्यंत आली. हॉलमध्ये साहेब अजून सोफ्यावर चहा घेत होते. ज्ञानेश सरांनी तिला पाहिलं आणि तळहात खाली करून खूण केली, बसा म्हणून. ती दाराआड थांबली. तिला ओरडून सांगावंसं वाटत होतं, कलाबाई, मी इथंच आहे, इथंच. पण ती परत जाऊन बसली.

बाहेर पायल कलाबाईशी बोलत राहिली, न कंटाळता, पुन्हा पुन्हा विचारत. सुवर्णाकडूनच शिकली होती ती तसं बोलायला. मग कलाबाईच्या हसण्याचा आवाज आला. "गोड हायेस गं. येते मंग परवाच्याला. तुझ्याकडंच येते," असं म्हणत कलाबाई चपला घालून गेली. सुवर्णानं ते शब्द ऐकले आणि फाइलचं पान उलटलं.

संध्याकाळी पायल रेकॉर्डच्या खोलीत आली. तिचे डोळे भरलेले होते. "मॅडम, सॉरी. मी अजून आधी फोन करायला हवा होता."

"तुझी काय चूक गं? खोकं मीच दिलं तुला." सुवर्णानं तिच्या पदराची खांद्यावरून घसरलेली घडी बोटानं वर सरकवली. "उद्यापासून मंजुषाकडे तूच जा आता. नंबर आहे तुझ्याकडे."

गोटीराम सवयीनं स्टेशनरीच्या खोलीच्या दाराशी येऊन उभा होता. "ताई, धरू का दार? डरेस घालायचा ना?"

"नको."

"साडीवरच जाणार? सायकलीवर?"

"हो. आता कुणासाठी राखायची?"

तिनं पंजाबी ड्रेस खोक्यात कोंबला, खोकं कॅरिअरला आवळून बांधलं, पदर कमरेला खोचला आणि सायकलवर बसली. निऱ्या गुडघ्यांवर गोळा झाल्या, काठ पेडलला घासत होता. घासू दे. खड्डा आला तशी ती खड्ड्यातून गेली. वारा उलटा होता आणि ती दातओठ खात पेडल मारत होती, मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या देत होती, साहेबांना, सरांना, फ्रिजला, आणि कलाबाईला द्यायला गेली तर रडूच आलं.

एबीबी सर्कलला सिग्नल लाल झाला. ती एक पाय टेकून थांबली. शेजारच्या स्कूटीवरच्या बाईनं मान वळवून पाहिलं.

"ताई, साडी बघा तुमची. चाकात जाईल."

"जाऊ दे," सुवर्णा म्हणाली.

सिग्नल हिरवा झाला. स्कूटी गेली, बस गेली. सुवर्णा मात्र सायकलवरून उतरून रस्त्याच्या कडेला उभी होती. सायकल कमरेला टेकवून, खाली वाकून, ती एकेक निरी बोटांनी सारखी करत होती, आणि मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवत होता.